दिव्यामागचा गंज

काल मुरबाडहून गाडीच्या गंजावर लावायला लाल प्रायमरचा डबा आणला. झाकण उघडलं आणि त्या वासासरशी याच अंगणातली, लग्नानंतरच्या उन्हाळ्यातली एक दुपार समोर आली.

ह्यांनी तेव्हा ही जुनी फियाट घेतली होती. दिसणारा गंज त्यांनी खरवडून काढला, पण मडगार्डच्या आत, दिव्यामागे त्यांचा पंजा शिरत नव्हता.

"तुजा हात बारीक हाय गो, तू घाल," ते म्हणाले.

रॉकेलमध्ये भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन मी हात घातला, तर हिरव्या बांगड्या पत्र्याला अडल्या. वैतागून मी त्या उतरवायला लागले, तसं त्यांनी मनगट धरलं.

"काडू नको. मी हाय ना अजून."

एकेक बांगडी त्यांनी कोपराकडे सरकवली आणि वर स्वतःचा रुमाल बांधला. एवढ्याशा कामाला केवढं हे सोवळं, असं वाटून मला हसू आलं. मग मी आतून घासत राहिले. मला काहीच दिसत नव्हतं. ते बाहेरून पत्र्यावर बोट वाजवून जागा दाखवायचे आणि ती टकटक माझ्या बोटांना आत कळायची.

हे जाऊन दोन वर्षं झाली. गाडी मला विकायची नाही, पण सडूही द्यायची नाही. आज त्याच जागी हात घातला. तो सरळ आत गेला, कुठे अडलाच नाही. पेपर नेमका कुठे फिरवायचा ते मात्र कळेना. हात तसाच आत ठेवून मी बराच वेळ थांबले. पत्रा गप्प होता.