सुंदाच्या गोष्टीचा पहिला शेवट

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एवढ्या मोठ्या लेखकावर लिहितोय, माफ करा.

पाचवीच्या पुस्तकात त्यांची गोष्ट होती. धुणीभांडी करणारी सुंदा शेवटी शाळेत जाते. आईला मी ती वाचून दाखवली. "ती गेली, मग तू का नाही रे?" म्हणत तिनं मला शिकवलं.

त्यांच्या कथा आधी कुठे छापून आल्या हे शोधताना जुन्या मासिकात सुंदा सापडली. तिथे ती पाटी चुलीत घालते. पान बोटांखाली चुरत होतं. आम्ही मायलेक ज्या ओळीवर विसंबलो, ती तिथे नव्हतीच.

खरा शेवट कोणता, असं लेखकाच्या मुलीला मी पत्रानं विचारलं. काल उत्तर आलं.

"मोठ्यानं वाच की," आई म्हणाली.

मी मनातच वाचलं: "सुंदा शाळेत जाते हा शेवट पाठ्यपुस्तकवाल्यांनी जोडला. बाबांना तो कायम खोटा वाटला."