ऑपरेटर नानांचं दार

हिंदी सिनेमातला कोणताही गायक, वादक किंवा दिग्दर्शक मुंबईत वारला, तरी त्याचं खरं सुतक नंदुरबारला, आमच्या शेजारच्या ऑपरेटर नानांनाच लागतं, यावर माझा ठाम विश्वास आहे. नानांचं सगळं आयुष्य टॉकीजमध्ये सिनेमा दाखवायच्या मशीनवर गेलं. टॉकीज बंद पडलं, तिथे कापसाचं गोडाऊन झालं. पण पडद्यावर ज्यांची नावं येऊन गेली, ती सगळी माणसं नानांच्या भावकीत कायमची राहिली. कोरीट या खेड्यातून शिकायला येऊन मी त्यांच्या शेजारी खोली घेतली, तेव्हा माझं कच्चं इंग्रजी पाहून त्यांनी जुन्या सिनेमांच्या सीड्या लावून मला नामावल्या वाचायला लावल्या. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी असा घडलो. सुरुवातीचे काही महिने मला इंग्रजीत फक्त 'असिस्टंट' आणि 'प्लेबॅक' एवढंच बिनचूक यायचं, हा भाग वेगळा.

आमच्या खानदेशात माणूस गेला की त्याच्या घरी बसायला जातात. त्याला दारावर जाणं म्हणतात. फळ्यावर लिहिताना त्याचंच 'द्वारदर्शन' होतं. नाना चौकातल्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहीत, 'अमुक संगीतकार यांचे दुःखद निधन. द्वारदर्शन सकाळी नऊ ते बारा', आणि खाली पत्ता स्वतःच्या घराचा. मी एकदा विचारलं, "नाना, आपल्या दारावर कशाला?" तर म्हणाले, "मुंबईले त्यास्ना दारवर आपले कोण उभं ऱ्हाऊ दी? म्हनीसन आपलंच दार." मग ओट्यावर सतरंजी, पाण्याचा तांब्या, फोटोला हार. नाना पांढरी टोपी घालून भिंतीला टेकून बसत आणि येणाऱ्याला खालच्या आवाजात सांगत, "तसं वय व्हतं, पन आवाज आजून ताजा व्हता." नवखा माणूस नानांचाच कोणी गेला असं समजून रडकुंडीला येई.

या सगळ्याला एकच विरोधक होता, समोरचे टेलर मास्टर. नाना आणि मास्टर एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय चहा पीत नसत. दारावर आलेल्या माणसाने उठताना 'येतो', आमच्या बोलीत 'येस', असं म्हणायचं नसतं, मुकाट्याने चपला घालून निघायचं असतं. मास्टरांना हे पक्कं ठाऊक. तरी दर वेळी ते पाच मिनिटं बसत, गळ्यातली टेप सावरत उठत आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत, "येस हां नाना! आते पुढला कोण शे ते सांगी ठेवा!" नाना दिवसभर धुमसत.

आणि मग तो घात झाला. सकाळी फोनवर निरोप आला की एक नावाजलेले वयोवृद्ध दिग्दर्शक गेले. नानांनी खातरजमा न करता फळा लिहिला. माणसं जमली. अकराच्या सुमाराला मास्टरांच्या दुकानातल्या टीव्हीवर तेच दिग्दर्शक थेट मुलाखत देताना दिसले. मास्टर कात्री हातात घेऊन पळत आले. "नाना, तुमना मयत हसी ऱ्हायना!" सगळी सतरंजी उठून टीव्हीपुढे गेली. नाना एकटेच हाराखाली बसून म्हणाले, "हसू दे. आयुष्य वाढनं त्यानं." दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीत गूळ-शेंगदाणे वाटले आणि दिग्दर्शकांना माफीचं पत्र लिहिलं. पत्ता फक्त 'मुंबई' असा होता. चौकात मात्र फळ्याखाली कोणीतरी लिहिलं, 'नानांच्या दारावर येण्यापूर्वी खात्री करावी.'

गेल्या हिवाळ्यात मी तळोद्याहून, नोकरीच्या गावाहून, सुट्टीला आलो, तर नाना ओट्यावर एकटे. एक म्हातारे बासरीवादक गेले होते. टीव्हीवर काही नाही, पेपरात चार ओळी. फोटो मिळाला नव्हता, म्हणून नानांनी पाटावर नुसतं नाव लिहून हार घातला होता. "सकायपासून कोनी नहीं उनं," नाना म्हणाले. "मी खोटा पडनू, ते ठीक शे. पन त्यानी काय चूक?" मी बसलो. पावणेबारा झाले. तेवढ्यात मास्टर आले. पाटाकडे बघून म्हणाले, "हाऊ कोण व्हता? नाव कधी आयकं नहीं."

"पडद्यावर यानं नाव ये, तवय तुम्ही खुर्ची शोधेत," नाना म्हणाले. मग त्या वादकाने एका गाण्यात कडव्याआधी वाजवलेला बासरीचा तुकडा त्यांनी शीळ घालून काढायचा प्रयत्न केला. कवळीमुळे जमेना. कवळी काढून खिशात ठेवली, तर नुसती हवाच आली. पण तेवढ्या हवेवर मास्टरांची मान डोलली, आणि पुढचा तुकडा त्यांनी स्वतःच गुणगुणून पूर्ण केला.

"अरे! हाई ते मन्ही शादीमा बँडवालानी वाजाडेल व्हतं!"

"तोच गया," नाना म्हणाले.

मास्टर खाली बसले. बारा वाजून गेले तरी बसूनच होते. दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं. शेवटी ते उठले. नानांनी नेहमीच्या ओरड्याच्या तयारीने डोळे मिटून घेतले. मास्टरांनी टेप सावरली, चपला पायात सरकवल्या, आणि एक शब्द न बोलता रस्ता ओलांडून निघून गेले.