पेपर प्लेट माझ्याकडे

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या आमच्या मराठी मंडळात जेवणाची यादी व्हॉट्सॲपवर यायची. मसालेभात एकीकडे, कोशिंबीर दुसरीकडे, पुरणपोळ्या काकूंकडे. आणि सगळ्यात शेवटी मी: पेपर प्लेट, ग्लास, कोल्ड्रिंक. संक्रांत असो, गणपती असो, दिवाळी असो. तीन वर्षं.

काकू म्हणजे मंडळाच्या सर्वेसर्वा. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. मी सांगितलं, गावकुसाबाहेर. लपवायचं काय त्यात? माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरची राख ओढायचे, आई चौथी शिकलेली, आणि आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. इथे पीएचडी करत होते. हे मी मान वर करूनच सांगते.

"अस्सं," काकू म्हणाल्या. "हुशार आहेस हो."

एका हिवाळ्यात मंडळानं व्याख्यान ठरवलं. शहराला लागून अमेरिकन सैन्याचा मोठा तळ, म्हणून विषय अमेरिकेतलं यादवी युद्ध आणि त्यानंतरचा काळ्या लोकांचा समतेचा लढा. बोलणार मी. काकूंचा फोन आला.

"अगं, तुझ्याइतकं छान कोण बोलणार? आधी जेवण, मग व्याख्यान. आणि प्लेट या वेळी जरा जाड आण बाई, मागच्या वेळी वरण गळत होतं."

तयारीसाठी मी गाठलं खालच्या मजल्यावरच्या आजोबांना. पंच्याहत्तरीचे, काळे अमेरिकन, सैन्यात ट्रक दुरुस्त करायचे आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलेले. मला पदवी मिळायच्या आधीपासून ते मला डॉक्टर म्हणायचे. त्यांचे पणजोबा कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. युद्ध पेटलं तसे पळाले आणि उत्तरेच्या फौजेत भरती झाले. युद्ध जिंकलं, गुलामी संपली, पणजोबा गावी परतले आणि दोनदा मतदानही केलं. तिसऱ्या वेळी मतदान केंद्राच्या दारात बंदुका घेऊन गोरे शेजारीच उभे होते. कायद्यात हक्क होता, तो त्यांना त्यानंतर मरेपर्यंत वापरता आला नाही.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी वर्दीत होतो. सुट्टीवर गावी चाललेलो. बस थांबली तिथल्या खानावळीत गोऱ्यांना टेबल, आम्हाला मागच्या खिडकीतून कागदी पिशवी. मग इथे बदली झाली. इथेही गोऱ्या सैनिकांनी काही बार आपले करून ठेवले होतेच. पण पहिल्या रात्री एका जर्मन बाईनं माझ्यापुढे चिनी मातीची बशी ठेवली. मला काही वेळ खाताच येईना." मग ते हसले. "ते राहू दे, डॉक्टर. मंडळाच्या जेवणाला तू काय रांधतेयस?"

"काही नाही. पेपर प्लेट नेते."

"मागच्या वेळी?"

"तेच."

"त्याच्या आधी?"

इतके दिवस मी स्वतःला समजावत होते, एका खोलीत राहते, एकच हॉटप्लेट आहे, काकू माझी दगदग वाचवतात. पण माझ्याच इन्स्टिट्यूटमधला एक पुण्याचा मुलगा, त्याचीही एकच खोली आणि एकच हॉटप्लेट, तो दर वेळी चाळीस जणांचा शिरा करायचा. काकू सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटायच्या. मी टाळ्या वाजवायचे. राग मला काकूंचा आला, त्याहून माझा आला. एवढी शिकले आणि स्वतःपुढची बशी मला दिसली नाही.

आईनं पाठवलेला येसर होता, भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं पीठ. व्याख्यानाच्या दिवशी मी मोठं पातेलं भरून येसर आमटी केली, कांदा-खोबरं भाजून, आईच्या हाताइतकी तिखट. पातेलं बसमधून नेणार कसं? आजोबांनी गाडी काढली. म्हणाले, मीही येतो ऐकायला. म्हटलं, मराठी आहे सगळं. म्हणाले, जेवण तर मराठी नाही ना बोलत?

चर्चचा हॉल भाड्यानं घेतलेला. काकूंनी आधी पातेल्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे.

"अगं, हे काय आणलंस? यादीत नव्हतं ना. टेबलावर जागाच नाही बघ. तिकडे खिडकीत ठेव. आणि तो काळा कोण तुझ्याबरोबर?"

"माझे शेजारी."

मी पातेलं खिडकीत ठेवलं आणि झाकण काढून डाव घातला. सगळ्यांना दिसेल असं. रांग लागली. मसालेभात संपला, शिरा संपला, कोशिंबिरीचं भांडं लोकांनी खरवडलं. खिडकीकडे गेले ते एकटे आजोबा. दोनदा वाढून घेतली. घाम पुसत खाल्ली. पुण्याचा मुलगा एकदा आला, वास घेतला, काकूंकडे बघितलं आणि पाणी प्यायला गेला.

मग व्याख्यान. मी युद्ध सांगितलं. पणजोबांचं हिरावलेलं मत सांगितलं. मागच्या खिडकीतली कागदी पिशवी सांगितली. पुढच्या रांगेतून "छे छे", "काय माणसं तरी" असं येत होतं. एका ताईंनी डोळे पुसले. तेव्हा मी कागद मिटला.

"आता खिडकीत बघा," मी म्हणाले. "ते पातेलं माझं आहे. तीन वर्षं तुम्ही माझ्या हातच्या प्लेट घेता. अन्न नाही. मघाशी ज्यात जेवलात त्या प्लेटही मीच आणल्यात. डोळे अमेरिकेसाठी पुसायची गरज नाही."

सगळ्यात आधी काकू उठल्या.

"अगं, कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं असं! आधी बोलायचं ना. चला रे, सगळ्यांनी थोडं थोडं घ्या."

आणि खरंच लोक उठले. खाली बघत, प्लेट घेऊन खिडकीपाशी उभे राहिले. मी झाकण ठेवलं आणि त्यावर हात ठेवला.

"आता नको, काकू. तुमची जेवणं झालीत."

"अन्नावर राग काढू नये गं."

"अन्नावर नाही काढत. अन्न मी घरी नेतेय."

गाडीत आजोबांनी विचारलं, शेवटी काय बोललीस, सगळे दगड झाले होते. मी सांगितलं. सिग्नल हिरवा झाला तरी ते थांबून राहिले. मागच्यानं हॉर्न दिला. "तिखट जरा कमी कर, डॉक्टर," एवढंच म्हणाले. ती आमटी आम्ही दोघांनी तीन दिवस खाल्ली.

पुढची यादी संक्रांतीची. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं आणि "पेपर प्लेट" पुढची जागा रिकामी होती. मी ग्रुप सोडला नव्हता, सोडणारही नव्हते. खाली लिहिलं: "येसर आमटी, चाळीस जणांची. टेबलावर ठेवायची. प्लेट दुसऱ्या कुणीतरी आणाव्यात."

संध्याकाळपर्यंत निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मी कांदे आणायला बाहेर पडले.