अयूब मिस्त्रीचा जबाब

१९५७ च्या जानेवारीत आरमोरीच्या सरकारी गॅरेजात अयूब मिस्त्रीला बोलावणे आले, ते त्याच्या जुन्या विद्येसाठी. महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा आरमोरी-गडचिरोली मार्गावरची खासगी मोटार त्याने चार वर्षे लाकडी कोळशावर चालवली होती. मागे लोखंडी टाकी, तीत निखारे, निखाऱ्यांचा वायू इंजिनात. चढावर प्रवाशांनी उतरून ढकलायचे. याची कागदोपत्री कुठेही नोंद नाही. धाकटा भाऊ नईम हीच टाकी पेटवताना मेला, त्याची मात्र आहे. मोटार कंपनीने मरणाचे कारण लिहिले, ‘हिवताप’. चौदा वर्षे तो शब्द अयूबला सलत होता.

आता सुएझ कालवा बंद पडला होता आणि लष्करी ट्रक कोळशावर चालवण्याची चाचणी घ्यायला एक साहेब आला होता.

“उद्या लढाई झाली, तर फौज काय परक्यांच्या तेलावर हलवायची? जंगल आपलं, कोळसा आपला!” साहेबाने सुनावले. “गॅरेजची दारं लाव आणि टाकी पेटव. गावाला तमाशा नको.”

“दारं लावून नाई पेटवत.”

“का?”

“माहा भाऊ तसाच मेला. पाऊस होता म्हून त्यानं दारं लावली. तो वायू दिसत नाई, त्याले वास नाई. माणूस बसल्या जागी झोपते.”

साहेबाने मोटार कंपनीकडून मागवलेली जुनी फाईल चाळली. “इथे हिवताप लिहिलाय.”

“कागदाले आला असंल ताप. नईमले नव्हता.”

कोपऱ्यातल्या बापूजी कारकुनाने खोकल्याआड हसू दडवले. साहेब भडकला. “देशाच्या कामात खोडा घालतोस?”

“काम कराले डायवर जित्ता लागते ना, साहेब? का तोबी कोळशातूनच बनवून राह्यले?”

एवढे बोलून अयूबने पहार उचलली, दोन्ही दारे बिजागरीतून उपसली आणि अंगणात आडवी टाकली. मग टाकी पेटवली, पंखा फिरवला. अर्ध्या तासात इंजिन धडधडू लागले. साहेबाने त्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

“लिहा, बापूजी. मिस्त्री उद्धट. सरकारी दारांची नासधूस. यापुढे कोणत्याही सरकारी कामावर घेऊ नये.”

“कारण, साहेब?” बापूजीची लेखणी थांबली. “हा रकाना कोरा गेला तं नागपूरहून कागद वापस येते.”

साहेब दातओठ खात म्हणाला, “लिहा. बंद जागेत टाकी पेटवल्यास विषारी वायूने मृत्यू येतो, भाऊ नईम असाच मेला, असे मिस्त्रीचे म्हणणे. ‘म्हणणे’ लिहा, नीट!”

अयूब पुढे सरकला. “नईमचं नाव लिवलं का, बापूभाऊ?”

“लिवलं.”

“सन?”

“त्रेचाळीस.”

“आन उद्धट?”

“तेबी लिवलं, भाऊ. काऊन, खोडू?”

“राहू द्या. ते खोडलं तं कारणाचा रकानाबी जाईन.”

काळे हात पायजम्याला पुसून त्याने सावकाश सही केली.