छप्पर नसलेली बालवाडी

नागपूरच्या विमानतळावर नेणारी गाडी रामाकोन्यात आमच्या घरासमोर उभी राहिली, बॅगा चढल्या, गल्लीतल्या बाया निरोपाला जमल्या, आणि प्रज्ञाचाच पत्ता नव्हता. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची. शोधाशोध केल्यावर ती सापडली घरामागच्या संत्र्याच्या बगीच्यात. माझे बाबा तिथं मजुरी करायचे. निरोपाची वेळ आली की ते हमखास काहीतरी काम काढतात. त्या दिवशी त्यांनी ओलीत काढलं होतं. फावड्यानं एका झाडाच्या आळ्यातलं पाणी दुसऱ्या आळ्यात वळवत होते, आणि प्रज्ञा त्यांच्या मागंमागं गुडघाभर चिखलात.

मायनं तिचे पाय धुतले, तिला नवा फ्रॉक घातला आणि मला म्हणाली, "पोरीले मातीची सवय हाये. खोलीत कोंडून नोको ठेवजो."

बाबा एवढंच बोलले, "शाळा चांगली पाहाजो."

जर्मनीत माझ्या नवऱ्याला, सुधीरला, नोकरी लागली होती. दक्षिणेकडचं लहानसं शहर, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि बाहेर थंडी. मायनं जे करू नको म्हटलं होतं तेच घडायला लागलं. सुधीर कामावर गेला की आम्ही मायलेकी खिडकीशी. रामाकोन्यात तोंडाला कुलूप नसलेली माझी पोर हळूहळू बोलेनाशी झाली. भूक लागली की बोट दाखवायची, झोप आली की माझा हात ओढायची. डॉक्टर म्हणाले, मुलांमध्ये जाऊ द्या. पण शहरातल्या साऱ्या बालवाड्या भरलेल्या. एकाच ठिकाणी जागा होती. त्या बालवाडीचं नाव 'वाल्डकिंडरगार्टन', म्हणजे रानातली बालवाडी.

मला वाटलं, रानाजवळची असेल. जाऊन पाहते तर इमारतच नाही. झाडांच्या कडेला लाकडाची एक मोठी चाकाची गाडी, त्यात मुलांचे जास्तीचे कपडे आणि एक शेगडी. पोरं बाहेर. सकाळपासून दुपारपर्यंत, पाऊस असो की बर्फ, बाहेरच.

घरी येऊन मी सुधीरला विचारलं, "पोरीले जंगलात सोडाले आलो का आपन एवढ्या दूर?"

तो म्हणाला, "घरात बसून ती मुकी होऊन राहिली. चार दिवस पाहू तरी."

व्हिडिओ कॉलवर बाबांना हे सांगितलं. माझे बाबा सातवीपर्यंत शिकलेले. मला त्यांनी एक दिवसही बगीच्यात संत्री तोडायला नेलं नाही. सौंसरच्या शाळेत मला बाकावर बसलेली पाहायला ते खिडकीशी यायचे, हे मला माझ्या बाईंकडून कळलं होतं. ऐकून ते म्हणाले, "मी तुले उन्हातून काढलं, अन् तू लेकराले पुन्हा उन्हातच धाडून राहिली? छप्पर नाही त शाळा कशाची?"

खरं तर मलाही तेच वाटत होतं.

तिथल्या रीतीप्रमाणे सुरुवातीला आईनं सोबत थांबायचं असतं. म्हणून मीही 'माचहोजे' चढवली. ही चिखलात घालायची रबरी विजार. ती घातली की माणूस बदकासारखं चालतं. तिथली शिक्षिका हायके, पन्नाशीची, मोठ्यानं हसणारी बाई. मुलं ओंडक्यावरून चालत होती, गोगलगायींना पानावर बसवून शर्यत लावत होती, चार वर्षांची पोरं खऱ्या चाकूनं काड्या तासत होती आणि माझा जीव वरखाली होत होता. प्रज्ञा मात्र माझ्या मांडीला चिकटून. एक आठवडा गेला, दुसरा गेला. हायके म्हणायची, "थांबू या." मला वाटायचं, कुठवर?

मग एकदा रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी रानातला ओहोळ फुगलेला. पोरांनी काड्या आणि दगड रचून धरण बांधायला घेतलं. बांधलं की फुटायचं, बांधलं की फुटायचं. एक लाल टोपीवाली मुलगी, लेनी तिचं नाव, रडकुंडीला आली. आणि माझ्या मांडीवरची पकड सुटली. प्रज्ञा सरळ पाण्यात गेली, उकिडवी बसली, टाचेनं बाजूला एक चर ओढला, चिखलाचा गोळा पाण्याच्या तोंडाशी दाबला. अगदी बाबांसारखा, तळहातानं थापटत. आणि कित्येक महिन्यांत न ऐकलेल्या आवाजात लेनीला म्हणाली, "असं नोको करू. पानी फुटते ना. इकडून जाऊ दे त्याले."

लेनीला त्यातलं अक्षरही कळलं नसेल. पण तिनं मुकाट्यानं चिखल आणून दिला. पाणी वळलं. पोरं नाचायला लागली. हायके माझ्याकडे पाहत होती आणि मी माचहोजेसकट खाली बसून रडत होते. त्या दिवसापासून त्या रानात पाण्याला 'पानी' म्हणतात. जर्मन पोरंही.

प्रज्ञा बोलायला लागली ती थांबेचना. निम्मं वऱ्हाडी, निम्मं जर्मन. आणि मीही पुन्हा फ्लॅटमध्ये जाऊन बसले नाही. आधी मदतनीस म्हणून थांबले, मग भाषा शिकले, शिक्षिकेचं प्रशिक्षण सुरू केलं, आता ते घेता घेता त्याच बालवाडीत शिकवते. तिशीत मी पहिल्यांदा झाडावर चढले. लहानपणी आमच्याभोवती सगळी झाडंच होती, पण ती मालकाची होती आणि मला अभ्यास करायचा होता. आता सकाळी रानाच्या तोंडाशी पंधरावीस पोरं 'करुणा, आज कुठं?' विचारत मला ओढतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही रामाकोन्याला गेलो. आपल्या गावाचा जिल्हा बदलून आता पांढुर्णा झालाय, त्याच्या पाट्या वाटेत प्रज्ञाला दाखवल्या. पोहोचल्यावर बाबांनी दोन्ही नातींना समोर बसवलं. माझ्या दादाची मुलगी श्रुती प्रज्ञाच्याच वयाची, तिनं शंभरपर्यंत आकडे धडाधड लिहून दाखवले. प्रज्ञानं पाटीवर एक कोल्हा काढला.

"अन् नाव?" बाबांनी विचारलं.

"ते पहिलीत शिकवतात, आबाजी."

बाबांनी पाटी पुसली आणि ते बाहेर निघून गेले. मला त्यांचं रागावणं परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञानं गल्लीतली सगळी पोरं गोळा केली आणि कन्हान नदीच्या काठावर नेली. पोरांवर नजर ठेवायला म्हणून बाबाही आले. काठाचा एक उतार होता, खाली मऊ वाळू. युरियाची रिकामी पोती घेऊन पोरं वरून घसरायला लागली. श्रुतीची वेणी सुटली, नाकातोंडात वाळू गेली, तरी ती पुन्हा रांगेत. कोणतं पोतं जास्त घसरतं, कुठून सोडलं तर दूर जातं, यावर जोरदार वाद चालला होता. बाबा लांब उभे राहून ऐकत होते. मग थोडे जवळ आले. मग म्हणाले, "पोत्याचं तोंड मागं करा, वाळू नाही भरनार."

प्रज्ञानं पोतं त्यांच्यापुढे अंथरलं. "आता तुमचा नंबर, आबाजी."

"माझं वय हाये का हे?"

"नंबर म्हंजे नंबर."

बाबांनी इकडंतिकडं पाहिलं. गावातलं कोणी नव्हतं. चपला काढून बाजूला नीट ठेवल्या, बसले, आणि गेले. टोपी वरच राहिली. खाली वाळूत ते आडवे झाले तेव्हा मी घाबरून धावले, तर ते हसत होते. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. माझ्या बापाला खेळताना मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं.

परतताना ते माझ्या बाजूनं चालत होते. म्हणाले, "सारी जिंदगी याच मातीत गेली, पन खेळाले कवा भेटलं नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "छप्पर पाहिजेच, पोरी. पन दिवसभर त्याच्याच खाली काहून बसाचं?"

आता प्रज्ञा पहिलीत आहे, चार भिंतींच्या शाळेत, आणि स्वतःचं नाव दोन लिप्यांत लिहिते. तुम्ही सगळे रामाकोन्याचे लोक, गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, फोनवर विचारता, घर आता कोणतं वाटते? आधी या प्रश्नावर मी विषय बदलायचे. हल्ली सुट्टीच्या दिवशी बाबा गल्लीतली पोरं घेऊन कन्हानवर जातात आणि फोन लावतात. आमच्याकडे तेव्हा सकाळ असते. सुट्टी असली तरी प्रज्ञाला रानात न्यायला लेनी दाराशी येऊन थांबलेली, मी रानात जायचे बूट चढवत असते. बाबा पोत्यावर बसले की फोन हलतो, आभाळ दिसतं, मग वाळू, मग बाबांचे पाय. प्रज्ञा फोनमध्ये तोंड घालून सांगते, "आबाजी, पाय वर घ्या." मी एका पायात बूट घालून तशीच उभी राहते. मला दोन्हीकडे उशीर होत असतो, आणि दोन्हीकडे मी घरीच असते.