टेस्टमध्ये आलेली हिराबाई

असलं काही कुणी सांगू लागलं, की मी आधी त्यात चूक शोधते. सवयच आहे... कामही तेच.

२००८ साल. नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीत एका जनावरांच्या डॉक्टरांसाठी मी वेबसाइट करत होते. शेतकऱ्याने नाव-गाव भरायचं, डॉक्टर जीप घेऊन जाणार. साइट अजून सुरूही झाली नव्हती. मी टेस्ट लिहायला नुकतीच शिकत होते. टेस्ट म्हणजे छोटा प्रोग्राम — तो खोटा फॉर्म भरून कंट्रोलरला, म्हणजे फॉर्म घेणाऱ्या कोडला, पाठवतो आणि उत्तर बरोबर येतं का ते तपासतो. त्याचा डेटाबेस वेगळा, दर वेळी कोरा.

त्या सकाळी मी नाव 'abc' टाकलं, गाव रिकामं ठेवलं. 'गाव लिहा' असं उत्तर यायला हवं होतं. टेस्ट फेल! स्क्रीनवर आलं — Hirabai, Mahalunge Padwal, odhyapalikade.

मी डॉक्टरांना हाक मारली.

"हिराबाई? मेंढरंवाली," ते म्हणाले. "पण तिच्याकडं फोन बी न्हाई. तू टाकलंस का?"

"नाही हो. मी ओळखतसुद्धा नाही."

सगळ्या कोडमध्ये ते नाव शोधलं. नव्हतं. टेस्ट पुन्हा चालवली — पास.

दुपारी डॉक्टरांना मंचरला जायचंच होतं. "म्हाळुंगं वाटंतच हाय, इचारू," म्हणाले. कुठून तरी डेटा आला असणार याची खात्री करायला मीही निघाले.

ओढ्यापलीकडे मेंढ्या मोकळ्या चरत होत्या. हिराबाई बांधाला टेकून बसल्या होत्या, पाय सुजलेला, घामाने डबडबलेल्या. साप चावला होता. नवरा बाकीचा कळप घेऊन लांब गेलेला, हाकेच्या अंतरावर कुणी नाही. आम्ही त्यांना जीपमध्ये घातलं आणि मंचरच्या दवाखान्यात नेलं. वाचल्या.

चार-पाच दिवसांनी भेटायला गेले, तेव्हा स्क्रीनवरचं सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"सकाळी आलं म्हनतीस नाव?"

"हो. दहाच्या सुमाराला."

"आगं, सकाळी मी धडधाकट व्हते की. दुपारची भाकर खाऊन सरपान गोळा कराया गेले, तवा चावला त्यो. तुमी यायच्या जरा आदी."

नंतर मुरलेल्या प्रोग्रामरना विचारलं. डेटा कुठून तरी झिरपला असेल, म्हणाले सगळे. असेल. पण सकाळी तसा डेटा कुठेच नव्हता... त्यांना साप चावलाच नव्हता अजून. याच्यापुढे मला काही सांगता येत नाही.