अकरा झग्यांचं कापड

“अकरा झग्यांचं पांढरं कापड आण,” मॅडम म्हणाल्या. चर्चच्या क्वायरमध्ये आम्ही गाणारे बाराजण होतो.

मला वाटलं, मोजण्यात चुकल्या असतील. मॅडम म्हणजे आमच्या चर्चच्या सेक्रेटरींची बायको, इंग्लिश शाळेत मुख्याध्यापिका. मी म्हणाले, बारा लागतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम मऊ.

“अगं, यंदा नाताळची उपासना लाइव्ह जाणार आहे. परदेशातली आपली माणसं बघणार. तू बाजूच्या खोलीतून गा. तुझा आवाज तर येईलच.”

लहानपणी स्टोव्हचा भडका उडाला, तेव्हापासून माझा डावा गाल भाजलेला आहे. कानापासून हनुवटीपर्यंत कातडी ओढलेली. त्या गालासकट मी सात वर्षं त्या क्वायरमध्ये गायले. बाकीचे अकराजण तिथेच उभे होते. पाळकसाहेब पेटीशेजारी वायर गुंडाळत बसले.

मी हो म्हणाले. याची मला आजही लाज वाटते.

खारबावला, गावच्या घरी, आई रोज प्रार्थना घ्यायची. शाळेतली पोरं मला जळकी म्हणायची, मी रडत घरी यायचे. आई म्हणायची, “देव तुझा गाल बघत न्हाय, पोरी. तुझं काळीज बघतो.” मी ते धरून मोठी झाले. माझा समज असा की निदान देवाच्या घरात तरी माणसं देवासारखं बघत असतील. काय खुळी होते मी.

नारपोलीतल्या कारखान्यात मी कापड तपासायचं काम करते, म्हणूनच झग्यांचं काम माझ्यावर सोपवलेलं. काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट. धुऊन, खळ लावून आलेलं कापड त्यावरून ओढायचं. हाताला गुळगुळीत लागतं, डोळ्यांना पांढरंशुभ्र दिसतं, पण खालून उजेड आला की तुटके धागे, गाठी, जाळी, सगळं उघडं पडतं. कामाला लागले त्या दिवशी सेठने माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. एक तागा पुढे टाकला आणि म्हणाला, “इसमें फॉल्ट कितने, बता.” मी नऊ दाखवले. त्याला सहाच माहीत होते. दुसऱ्या दिवसापासून ड्युटी सुरू. सेठ मुसलमान. आमच्या देवाचं वचन त्याने पाळलं, आमच्या माणसांनी नाही.

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक तुकडा आला. दिसायला देखणा. उजेडावर पाहिला तर अर्ध्यात जाळी. वरून खळ ठासून मारलेली म्हणून भोकं बुजली होती. एका धुण्यात खळ निघाली की त्याची मच्छरदाणी होणार. मी तो मॅडमसाठी बाजूला काढला. झगे शिवतील, नाताळच्या आधी धुतील, आणि ऐन वेळी हातात चिंध्या येतील. तीन दिवस मी त्याच आनंदात होते. खोटं बोलत नाही, जेवणही गोड लागत होतं.

मग शनिवारी तो तुकडा घडी करताना हात अडला. माझ्या हाताखालून आजवर खोटा माल गेलेला नाही. आणि चोरून घेतलेला सूड मला नकोच होता. मला त्यांची तोंडं बघायची होती. म्हणून सेठला विचारून एक निर्दोष तुकडाही घेतला, बारा झग्यांना पुरेल एवढा.

रविवारी उपासनेनंतर मंडळी बाकांवरून उठत होती. मी जाळीचा तुकडा मॅडमच्या हातात दिला. त्यांनी तो खांद्यावर टाकला, सगळ्यांना दाखवला, माझ्या निवडीचं कौतुक केलं. मी म्हटलं, खिडकीशी धरा. त्यांनी धरला. उन्हात सगळी भोकं दिसली. मंडळी थांबली.

“मग असलं का आणलंस?” मॅडमनी विचारलं.

“तुम्ही माणसंही अशीच वरून बघून निवडता म्हणून.”

त्यांचा चेहरा उतरला. मी पोटभर पाहिला. मग पिशवीतला चांगला तुकडा काढून त्याच खिडकीशी धरला. एक भोक नाही. म्हणाले, हे बारा झग्यांचं आहे, अकरा शिवायचे असतील तर मिळणार नाही. आणि घडी करून परत पिशवीत ठेवला.

पाळकसाहेबांनी दारात गाठलं. म्हणाले, मनात राग ठेवू नये, क्षमा करावी. मी विचारलं, माझ्याकडे क्षमा मागितलीय कुणी? ते वाकून दारातल्या चपला सरळ करायला लागले. त्या दिवशी वायर गुंडाळत होते, तसेच.

कापड माझ्या ट्रंकेत आहे. नाताळला दहा दिवस उरलेत. बारा झगे शिवू म्हणाले तर कापड देईन. नाही म्हणाले तर कामावरच्या साडीत जाईन, पण पहिल्या रांगेत उभी राहीन, डावा गाल कॅमेऱ्याकडे करून. मला हटवायचं असेल तर लाइव्ह चालू असताना हटवा.

देव काळीज बघतो ना? बघू दे. सध्या तिथे राग आहे. त्याच्यावर मी खळ मारणार नाही.